आत्यांच्या हातावरचे ठिपके

माळीवाड्याच्या स्टँडवरून पाथर्डीची एस.टी. सुटली, की भिंगार मागे पडेपर्यंत आपण शहरातच आहोत असं वाटतं. पुढे मेहेकरीपासून दोन्ही अंगांना माळ सुरू होतो, आणि करंजीच्या घाटात खिडकीतून जो वारा येतो ना, त्याला ओलावा म्हणून ठाऊक नसतो. उन्हाळ्यात तो भाजतो आणि थंडीत सोलतो. माझं माहेर नाशिककडचं. लग्न होऊन आले त्या पहिल्याच मार्गशीर्षात माझे ओठ इतके फुटले की हसायची चोरी झाली. त्यावर सासूबाई म्हणाल्या होत्या, "नव्या नवरीला आमचा वारा पाया पडाय लावतोय."

कागदोपत्री २०२४ पासून जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं आहे. अहिल्याबाईंचा जन्म आपल्याच जामखेड तालुक्यातल्या चौंडीचा, तेव्हा नाव योग्यच. पण कंडक्टर अजूनही "नगर, नगर" असंच ओरडतो आणि आम्हीही तसंच म्हणतो. या घाटापलीकडे तिसगावच्या आसपास आमचं गाव. वर्षाला पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस, तोही लहरीवर. गावातली निम्मी घरं दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात ती थेट उन्हाळ्यात परततात. माझ्या सासूबाईंनी (आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात आणि सासऱ्यांना मामा) अशा बारा-तेरा हंगामांत मामांच्या बरोबरीनं ऊस तोडला. त्याच्याआधी १९७२ च्या दुष्काळात त्या खडी फोडायच्या कामावर होत्या, तेव्हा जेमतेम विशी ओलांडलेली. आज पंचाहत्तरी उलटली आहे, म्हणून एस.टी.त त्यांना तिकीटच पडत नाही. मला अर्धं पडतं. त्यावरून त्या मला चिडवतात.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे दोन वर्षांपूर्वीची हळद.

थोरल्या जाऊबाईंच्या लेकीचं लग्न होतं. आमच्या भागात लग्नं खरी वैशाखात, कोयता परत आल्यावर. पण नवरा मुलगा लष्करात, त्याला रजा डिसेंबरात मिळाली, म्हणून ऐन थंडीत मांडव पडला. हळदीच्या वेळी पाच सुवासिनींना बोलावलं. पहिला मान घरातल्या थोरल्या सवाष्णीचा, म्हणजे आत्यांचा. पाटावर पोरगी बसलेली, बायका गाणी म्हणताहेत, आणि आत्या खांबाला टेकून उभ्याच. हाक मारली तर म्हणाल्या, "लावा तुम्हीच. माझा हात दुखतोय." पोरगी म्हणाली, "आज्जी, तू नाही लावणार?" तरीही त्यांनी पदराखालचा हात बाहेर काढला नाही.

मग व्हायचं तेच झालं. कुजबुज सुरू झाली. कोणी म्हणालं साडी आवडली नाही, कोणी म्हणालं देण्याघेण्यात विचारलं नाही म्हणून म्हातारी रुसली. जाऊबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मलाही आत्यांचा रागच आला. लेकीच्या लेकीसारखी वाढवलेली पोर, तिच्या हळदीला असा रुसवा?

त्या रात्री आम्ही बायका एकाच खोलीत ओळीनं निजलो होतो. माझी पाच वर्षांची लेक आजीकडे झोपायचं म्हणून हट्ट करत होती, तर आत्यांनी तिला "जा आईकडं" म्हणून परतवलं आणि स्वतः भिंतीशी, सगळ्यांपासून हातभर लांब, घोंगडी घेऊन पडल्या. मध्यरात्री मला जाग आली ती एका आवाजानं. कोरडं पान चुरगळावं तसा आवाज. आत्या पिंढऱ्या खाजवत होत्या. बराच वेळ. मध्येच थांबायच्या, कूस बदलायच्या, पुन्हा सुरू.

सकाळी बघितलं तर त्यांनी चुलीवरचं कढत पाणी घेतलं, साबण चोळला, वर वजरीनं पाय खसाखसा घासले. अंग पुसताना पिंढऱ्यांवरून पांढरा कोंडा उडत होता. मी शहाणपणानं म्हटलं, "आत्या, बेसन-हळद लावा, सगळं निघून जाईल." आणि लावूनही दिलं. (आता ते आठवलं की माझी मलाच लाज वाटते. कोरड्या ठणठणीत अंगाला बेसन म्हणजे तहानलेल्याला फुटाणे देण्यासारखं.)

निघायच्या दिवशी पत्र्याच्या पेटीची कड त्यांच्या हाताला लागली आणि मनगटाच्या वर खरचटलं. माझ्या पर्समध्ये चिकटपट्टी असतेच, शाळेत मुलं रोज कुठेतरी पडतात. ती मी लावली. त्यांना आग्रहानं नगरला घेऊन आले आणि तिसऱ्या दिवशी ती पट्टी मुलांची काढते तशी झटक्यात ओढून काढली. मैत्रिणींनो, पट्टीबरोबर दोन बोटं रुंद कातडी आली. कांद्याचा पापुद्रा निघावा तशी. आत्यांनी "अगं आई" एवढंच म्हटलं आणि हात मागे घेतला. मी मात्र तिथेच खाली बसले.

रक्त धुताना त्यांची बाही पहिल्यांदा कोपरापर्यंत वर गेली, आणि मला ते दिसले. हातभर पांढरे ठिपके. तांदळाच्या दाण्याएवढे, काही मसुराएवढे, गुळगुळीत, जणू कोणी चुन्याचं बोट झटकलं होतं. पिंढऱ्यांवरही तसेच. मी बघते आहे हे त्यांना कळलं. बाही खाली ओढून त्या म्हणाल्या, "माझं ताट येगळं ठेवत जा पोरी. आन् चिमीला माझ्याजवळ धाडू नको."

मग एकेक धागा माझ्या हाती लागत गेला. गावाकडे त्या पंगतीत न बसता मागून जेवायच्या. चिमीचा पापा घ्यायच्या बंद झाल्या होत्या. पाण्याचा तांब्या उंबऱ्याजवळ वेगळा ठेवायच्या. आणि हळदीला हात. आत्या लहान असताना त्यांच्या माहेरच्या गावात एका बाईला महारोग झाला होता. तिला गावाबाहेर खोपटं बांधून दिलं होतं आणि भाकरी लांबूनच ठेवायचे. ही दहा वर्षांची पोर ती भाकरी ठेवायला जायची. "सुरवातीला तिलाबी असंच पांढरं उठलं व्हतं," आत्या म्हणाल्या. चार वर्षं हे त्यांनी पोटात ठेवलं होतं. मामांनाही सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी त्वचेच्या डॉक्टरांकडे गेलो. बाकावर बसल्या बसल्या आत्यांनी दोनदा पिशवी उचलली, घरी जायचं म्हणून. डॉक्टरीणबाई चाळिशीच्या असतील. त्यांनी आधी हातमोजे न घालताच आत्यांचा हात हातात घेतला. मला वाटतं, निम्मं औषध तिथेच झालं. मग कापसाची बारीक वात केली, आत्यांना डोळे मिटायला सांगितले आणि म्हणाल्या, "जिथं लागेल तिथं बोट ठेवा आजी." ठिपक्यावर वात टेकवली, आत्यांनी बरोबर तिथे बोट ठेवलं. दुसऱ्या ठिपक्यावर टेकवली, पुन्हा बरोबर. दहा-बारा वेळा झालं. मग कोपराच्या मागे आणि गुडघ्याच्या बाजूला चाचपून नसा जाड झाल्या आहेत का ते बघितलं.

"आजी, हा महारोग नाही आणि कोडही नाही. हे उन्हाचे आणि वयाचे ठिपके. माझ्या आईलाही आहेत."

आत्यांनी डोळे उघडले नाहीत. मिटलेल्याच डोळ्यांतून पाणी आलं.

डॉक्टरीणबाईंनी जे समजावलं ते मी घरी येऊन वहीत उतरवून ठेवलं, कारण आपल्या सगळ्यांच्याच घरी कोणीतरी म्हातारं माणूस असतं. कातडीला रंग देणाऱ्या पेशी वयाबरोबर कमी होतात, आणि ज्या हातापायांनी जन्मभर ऊन खाल्लं तिथे त्या ठिपक्याठिपक्यांनी थकतात. म्हणून पांढरे दाणे उठतात. ते दुखत नाहीत, पसरून एक होत नाहीत आणि कुणाला लागत नाहीत. त्यांना औषधाची गरजही नाही. कोड वेगळं. त्याचे डाग मोठे होत जातात, तेही संसर्गाचं नाही. महारोगाचा चट्टा मात्र फिकट किंवा लालसर असतो आणि तिथे स्पर्श, ऊन-गार कळत नाही. तसा चट्टा असला तर लपवायचा नाही, कारण आता त्यावर सहा महिन्यांची किंवा वर्षाची गोळ्यांची पाकिटं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात आणि माणूस पूर्ण बरा होतो. गोळ्या सुरू झाल्या की थोड्याच दिवसांत दुसऱ्याला लागण होण्याची भीती राहत नाही. खोपटं बांधायचे दिवस गेले. ते आत्यांच्या त्या शेजारणीसाठी फार उशिरा गेले, एवढंच.

पिंढऱ्यांवर आणखी एक तपकिरी जाळी दिसत होती, मासे धरायच्या जाळ्यासारखी. डॉक्टरीणबाईंनी लगेच विचारलं, "शेकोटीला बसता का रोज?" आत्या चकित. थंडीचे दोन महिने पहाटे-संध्याकाळ शेकोटी हा त्यांचा नेमच. तीच धग पायावर वर्षानुवर्षं पडून ती जाळी उमटते म्हणे. शेकोटी थोडी लांब सरकवायची, एवढाच उपाय.

आता राहिली खाज आणि माझा पराक्रम, म्हणजे ती सोललेली कातडी. कातडीतलं तेल वयानुसार आटत जातं. बायकांचं तर पाळी गेल्यानंतर लवकर आटतं, पुरुषांचं बऱ्याच उशिरा. वरचा थर पातळ होतो, खालच्या थराशी त्याची पकड सैल होते. म्हणून म्हाताऱ्या माणसाच्या हाताला नुसता धक्का लागला तरी जांभळं काळवंडतं, आणि चिकटपट्टी ओढली की सालच निघते. अशा अंगाला चिकटपट्टी लावायचीच नाही. स्वच्छ पाण्यानं धुवायचं, सुटलेली कातडी जागच्या जागी हलकेच पसरून बसवायची, वर व्हॅसलीन लावलेली घडी ठेवून सुती पट्टी सैल गुंडाळायची. चुकून चिकटपट्टी लावलीच, तर तेलानं भिजवून भिजवून सावकाश सोडवायची. मला हे चार दिवस आधी कळलं असतं तर!

खाजेसाठी रक्त तपासलं. साखर, थायरॉईड, मूत्रपिंड सगळं बघितलं, कारण म्हातारपणची खाज कधी कधी आतल्या दुखण्याचीही खूण असते. घरात आणखी कोणाला रात्री खाज येते का, बोटांच्या बेचक्यांत पुरळ आहे का, हेही विचारलं, म्हणजे खरूज तर नाही ना. आत्यांचं तसं काही निघालं नाही. निघाला तो नुसता कोरडेपणा, आणि तो आम्ही सगळ्यांनी मिळून वाढवलेला. कढत पाणी, साबण, वजरी, बेसन आणि उघड्या अंगावर घोंगडी.

आमच्या न्हाणीघरात त्या दिवसापासून फेरबदल झाले. पाणी कोमट, अंघोळ पाच-दहा मिनिटांत आटपायची. साबण काखा, जांघा आणि पावलं एवढ्यापुरताच, बाकी अंगाला नुसतं पाणी. वजरी माळ्यावर टाकली. अंग घासून पुसायचं नाही, पंचानं टिपायचं आणि ओलसर असतानाच तेल किंवा व्हॅसलीन लावायचं, म्हणजे आतलं पाणी आतच कोंडून राहतं. घोंगडीखाली मऊ जुनं लुगडं. नखं आठवड्याला कापायची. हे सांगायला दोन ओळी लागल्या, पण आत्यांना साबणाशिवाय "अंघोळ झाली" हे पटायला दोन महिने लागले!

तेलावरून तर घरात चर्चासत्रच भरलं. आमच्या ह्यांनी शहरातून एक महागडी बाटली आणली, तिचा वास घेऊन आत्यांनी नाक मुरडलं. आमच्या भागात करडई होते. काट्यांचं पीक, कोरडवाहूवर तग धरणारं. आत्यांच्या लहानपणी घाण्याचं करडईचं तेल भाजीलाही आणि अंगालाही. डॉक्टरीणबाईंना विचारलं, तर म्हणाल्या, ताजं असेल, खवट नसेल, सुवासिक काही मिसळलं नसेल तर चालेल. अंगावर पुरळ उठलं तर बंद करा. आमच्या नगरात १९१७ पासून वैद्य गंगाधरशास्त्री गुणे यांनी काढलेलं आयुर्वेद महाविद्यालय आहे. शेजारच्या जोशीकाकू त्याचे दाखले देत असतात. अभ्यंग रोज करावा, त्यातही डोकं, कान आणि पाय यांना विसरू नये, असं जुन्या वैद्यकात सांगितलेलंच आहे, हे त्यांचं पालुपद. या एका बाबतीत डॉक्टरीणबाई आणि जोशीकाकू यांचं जमलं, ही आमच्या गल्लीतली नवलाची गोष्ट.

एक मात्र मी माझ्या अनुभवानं सांगते, हे ना डॉक्टरांनी सांगितलं ना शास्त्रात वाचलं. तेल लावायचं ते अंघोळीनंतर आणि खुर्चीवर बसवून, मोरीत नाही. शहाबादी फरशीवर तेलाचे चार थेंब सांडले आणि आत्यांचा पाय सरकला. सुदैवानं नळ हाताला लागला. तळपायांना तर रात्री निजतानाच लावते आणि वर सुती मोजे चढवते. टाचांच्या भेगांना कोकणातून आणवलेलं आमसुलाचं तेल गरम करून भरते. मोजे घालायला आत्या आधी तयार नव्हत्या. "म्या काय साहेब हाय?" म्हणायच्या. आता स्वतःच मागतात.

महाशिवरात्रीच्या सुमाराला हाताची जखम भरून आली. एका शनिवारी आत्यांनीच शिंगणापूरचं काढलं. घोडेगावच्या फाट्यावरून आत वळलं की रस्त्याला दुतर्फा रसवंत्या, घंटा वाजवत फिरणारे बैल. गावातल्या घरांना दारं नाहीत ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. २०११ साली तिथे युको बँकेची कुलूप नसलेली शाखा निघाली, तेव्हा वर्तमानपत्रांतून किती चर्चा झाली होती! मी शाळकरी असताना आलो होतो तेव्हा बायकांना चौथऱ्याखालूनच हात जोडावे लागत. २०१६ साली गुढीपाडव्याच्या दिवशी ते बंधन उठलं. आत्या मात्र खालीच थांबल्या. "माझं नाय बाई धाडस व्हत," म्हणाल्या. मी त्यांना आग्रह केला नाही.

उघड्यावर उभी असलेली ती काळी शिळा, ऊन-पाऊस-वारा अंगावर घेणारी, आणि तिच्यावर अखंड तेल. मी नव्यानंच बघत होते. २०२५ च्या मार्चपासून तिथे भेसळीचं तेल बंद करून चांगल्या प्रतीचं बंद पाकिटातलं तेलच वाहायचं असं ठरलं, कारण वाईट तेलानं शिळेची झीज होते. दोन वर्षांपूर्वीच्या त्या शनिवारी हा नियम नव्हता. पण परवा पेपरात आलेलं मी वाचून दाखवलं, तेव्हा आत्या मिस्कीलपणे म्हणाल्या, "बघ की! दगडाला चांगलं तेल, आन् मी चाळीस वरसं अंगाला गोडंतेलाची तळणी उरलेली लावत आले." जन्मभर बाईनं कुटुंबाला ताजं तेल वाढायचं आणि स्वतःच्या वाट्याला कढईतलं काळं घ्यायचं. हसता हसता माझ्या घशात काहीतरी अडकलं.

आषाढात आम्ही नणंदबाईंकडे राजूरला गेलो. नगर जिल्हा किती लांबरुंद आहे हे संगमनेर-अकोले मागे टाकल्याशिवाय कळत नाही. पाथर्डीकडे आभाळाकडे डोळे लावून बसायचं आणि इथे कळसूबाईच्या पायथ्याशी, भंडारदऱ्याकडे, आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही. पाऊस आमच्याकडच्या कितीतरी पट. १९२६ साली बांधून झालेलं विल्सन धरण भरत आलेलं, भाताच्या खाचरांतून बायका इरली घेऊन वाकलेल्या. चार दिवसांत आत्यांची खाज जवळजवळ गेली. "हितं अंगाला पानी सुटतंय ग," म्हणत त्या गालावरून हात फिरवायच्या. हवेतला ओलावाच औषध झाला होता.

पण प्रत्येक मुलखाचं आपलं दुखणं असतं. लावणीच्या बायकांच्या पायांची बोटं चिखल्यांनी पांढरीफटक, सोललेली. तिथे तेल लावून उपयोग नाही, उलट वाढतं. पाय धुऊन बेचक्या कोरड्या करायच्या आणि डॉक्टरांनी दिलेलं बुरशीचं मलम बोटांच्या मधे लावायचं. आत्यांनी आपली बाटली एका शेजारणीला मोठ्या प्रेमानं देऊ केली होती, ती मी घाईघाईनं परत घेतली. राजूरचे पेढे मात्र त्या बदल्यात दिले, म्हणजे त्यांच्याच गावचे त्यांना!

परत आल्यावर मी मामांचे पाय बघायची सवय लावून घेतली. मामांना साखर आहे. रोज संध्याकाळी चिमी टॉर्च धरते आणि मी तळवे बघते, काटा, फोड, चीर काही आहे का. मामा आधी फार संकोचले. सुनेनं पाय हातात घ्यायचे म्हणजे काय. आता पेपर वाचत वाचत पाय पुढे करतात. डॉक्टरीणबाईंनी निघताना बजावलं होतं, की महिना-सव्वा महिना झाला तरी न भरणारी जखम, रंग किंवा आकार बदलणारा, रक्त येणारा तीळ, तळपायावर किंवा नखाखाली नव्यानं उठलेला काळा डाग, किंवा भाजल्याच्या जुन्या व्रणात पुन्हा पडलेली चीर, यांना तेल-मलम लावत बसू नका, सरळ दाखवायला या. चुलीशी आणि उसाच्या पाचटाशी जन्म गेलेल्या आमच्या गावात जुने व्रण कुणाच्या अंगावर नाहीत?

उन्हाबद्दल मात्र आमच्या बायकांना मी काय शिकवणार! त्या शेतात जाताना साडीवर नवऱ्याचा जुना पूर्ण बाह्यांचा सदरा घालतात, डोक्याला रुमाल बांधून वर पदर घेतात. शहरातल्या आम्ही बायका बिनबाह्यांचं घालून नाकावर क्रीमचा ठिपका लावतो आणि स्वतःला हुशार समजतो. ज्या हंगामात सदरा नव्हता त्या हंगामांचे ठिपके आत्यांच्या हातावर आहेत, असं त्या स्वतःच हिशेब करून सांगतात. "ह्ये बहात्तरच्या खडीचं," म्हणतात आणि एका ठिपक्यावर बोट ठेवतात.

श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी गावी गेलो होतो. त्या दिवशी आमच्याकडे वृद्धेश्वराला जायची रीत. गर्भगिरीच्या डोंगरात, घाटशिरसजवळ हे देऊळ आहे. पण वृद्धेश्वर म्हणतो कोण? सगळे म्हातारदेवच म्हणतात. नाथांनी इथे मोठा भंडारा घातला तेव्हा प्रत्यक्ष शंकर म्हाताऱ्याच्या रूपात जेवायला आले, अशी तिथे गोष्ट सांगतात. पंगतीला बसायचं तर देवानंही म्हाताऱ्याचंच रूप घेतलं, याचं मला नेहमी अप्रूप वाटतं. देव नटून-थटून तरुण होऊनही येऊ शकला असता की.

दर्शन झाल्यावर पारावर टेकलो. पाच-सहा म्हाताऱ्या आधीच बसलेल्या, कोणी करंजीची, कोणी मढीची. गुडघे, डोळे, सुना असं बोलणं चाललं होतं. त्यातली एक जण सारखी बाही खाली ओढत होती. आत्यांच्या नजरेतून ते सुटलं नाही. थोडा वेळ गप्प बसल्या. मग सरळ आपली बाही कोपरापर्यंत वर केली आणि हात तिच्यापुढे धरला.

"तुझंबी असंच हाय का?"

ती बाई आधी दचकली. मग हळूच तिनं मनगट उघडं केलं. तिथेही तेच तांदळाचे दाणे. आत्यांनी माझ्याकडे हात पसरला. "पोरी, कापूस हाय का गं पिशवीत?" कापूस नव्हता. देवाच्या वातींतली एक वात होती. आत्यांनी तीच घेतली.

"डोळे मीट," त्या म्हणाल्या. "आन् लागंल तिथं बोट ठेव."

बाकीच्या म्हाताऱ्या वाकून बघायला लागल्या. बाईनं बरोबर बोट ठेवलं, चारही वेळा. "व्हय, मग काय न्हाई तुला," आत्या डॉक्टरी थाटात म्हणाल्या, "तरी नगरला यिऊन दाखव एकदा. माझ्या सुनंला समदं ठावं हाय. आन् साबन कमी कर." एवढ्यात खाली तिसगावच्या गाडीचा हॉर्न वाजला. मी पिशव्या उचलल्या तरी आत्यांचा हात त्या बाईच्या हातातच होता, आणि दुसरी एक म्हातारी आपली बाही गुंडाळत पुढे सरकत होती. ती गाडी आमची चुकली.